सुटीतले उद्योग

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात, शेंदूरजनाघाट हे गाव वसले आहे. गावाभोवती संत्र्यांच्या बागा आहेत. परंतु बागांपेक्षाही ह्या गावाचे नाव झाले आहे ते येथील रोपवाटिकांमुळे. येथे तयार झालेली संत्र्याची कलमे वऱ्हाडात तर जातातच, शिवाय इतर राज्यांतील शेतकरीही ती घेऊन जातात. ‘नागपुरी संत्रे’ ह्या नावाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव नागपूरचे खरे. पण त्या फळाचे एक मोठे आगर वरुड-मोर्शीच्या ह्या पट्ट्यात आहे.

हिवाळ्यात फळांनी लवलेल्या बागा पाहून डोळ्यांचे पारणे फिटते. उन्हाळ्यात मात्र गावाचे रूप पालटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि सकाळी दहानंतर रस्ते ओस पडतात. त्यातच पाण्याची ओढ. बागा जगविण्यासाठी ह्या तालुक्यात जमिनीखालच्या पाण्याचा उपसा इतका झाला आहे की, विहिरी आटू लागल्या व कूपनलिका शेकडो फूट खोल न्याव्या लागल्या. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रातील शाळांच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे सुटी मोठी, ऊन कडक, बाहेर पडण्याची सोय नाही आणि घरात पाणी मोजके! अशा सुटीत मुलांनी करावे तरी काय?

गावातील एका घरी हाच प्रश्न उभा राहिला. घरात दोन भावंडे होती. बहीण तेरा वर्षांची व भाऊ अकरा वर्षांचा. त्यांचे आजोबा जन्मभर रोपवाटिकेत डोळे बांधण्याचे काम करीत आले होते. संत्र्याच्या फांदीवरचा डोळा अलगद काढावयाचा, दुसऱ्या रोपाच्या सालीत चीर पाडून तो आत बसवावयाचा आणि वरून पट्टी गुंडाळावयाची, हे ते काम. त्याला हात हलका लागतो व नजर तीक्ष्ण लागते. आजोबांचा हात अजून हलका होता, पण नजर मंदावली होती. म्हणून ते आता ओसरीतच बसत.

सुटीचे पहिले चार दिवस मुलांनी झोपण्यात व भांडण्यात घालविले. पाचव्या दिवशी आजोबा म्हणाले, “पोरांनो, हातांना काही काम द्या, म्हणजे तोंडे आपोआप गप्प होतील.”

आईने ते ऐकले. ती आतूनच म्हणाली, “उद्योग हवे तेवढे करा. पण तुमच्या उद्योगांना रोज एक पेला पाणी मिळेल, त्याहून थेंबभरही अधिक नाही. तो कसा खर्चावयाचा, ते तुमचे तुम्ही ठरवा.”

पहिला उद्योग मुलाने शोधून काढला. बाजारातून सारख्या आकाराची दोन नवी गाडगी आणली होती. माठातील पाणी गार का होते, हा प्रश्न त्याला शाळेत असल्यापासून पडला होता. त्याने एका गाडग्याला बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात दिले व ते वाळू दिले; दुसरे तसेच कोरे ठेवले. दोन्ही गाडगी घरातील पिण्याच्या पाण्याने काठोकाठ भरून, वर झाकणी ठेवून, ओसरीतील वाऱ्याच्या जागी ठेवली. हे पाणी पुढे पिण्यातच जावयाचे असल्याने पेल्यातील पाण्याला हात लावावा लागला नाही. दुपारी दोन्हींतील पाणी चाखले, तेव्हा कोऱ्या गाडग्यातील पाणी गार लागले आणि तेल लावलेल्यातील जवळजवळ होते तसेच. बहिणीने काडी बुडवून पातळी मोजली. कोऱ्या गाडग्यातील पाणी बोटभर खाली गेले होते. दुसऱ्यातील फारसे हलले नव्हते.

कारण उघड होते. मातीच्या भांड्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेर येते व त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळते. वाफ होण्यास उष्णता लागते आणि ती आतील पाण्यातून घेतली जाते. म्हणून आत उरलेले पाणी गार होते. जवसाचे तेल वाळले म्हणजे त्याचा कठीण थर बनतो. त्या थराने छिद्रे बुजली, तेव्हा पाझरणे थांबले आणि गार होणेही थांबले. वऱ्हाडातील घरोघरचे कूलर ह्याच नियमाने चालतात. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते खोली थंडगार करतात. पण जूनमध्ये हवा दमट झाली की तिच्यात आणखी वाफ सहजी मावत नाही, आणि मग तोच कूलर नुसता घरघरत राहतो.

प्रयोग साधला, पण एक गाडगे कामातून गेले. “आता ह्यात पाणी गार व्हायचे नाही. पैसे पाण्यात गेले!” असे आई म्हणाली, आणि तिचे म्हणणे खरेच होते. मुलगा ओशाळला. ते तेलकट गाडगे त्याने कोपऱ्यात सरकवून दिले.

पुढचे आठ दिवस वाळवणाचे होते. धाब्यावर पापड, कुरड्या व वड्या पसरल्या गेल्या आणि चिमण्या-कावळ्यांना हाकण्याचे काम मुलांकडे आले. ह्याच दिवसांत आजीने त्यांना सरगुंडे वळावयास शिकविले. कणकेची बारीक, लांब दोरी वळावयाची, ती बारीक काडीवर वेढ्याला वेढा लावून गुंडाळावयाची आणि काडी हळूच ओढून घ्यावयाची, की पोकळ, नागमोडी सरगुंडा तयार! वऱ्हाडात आमरसाबरोबर ते मोठ्या आवडीने खातात. मुलाचे पहिले सरगुंडे काडीला चिकटून तुटले. तो काडी सरळ ओढीत होता. ती किंचित फिरवून ओढावी लागते, हे आजीने एकदा त्याचा हात धरून दाखविले, आणि पुढे ते सांगावे लागले नाही.

सुटीतील मुख्य उद्योग मात्र एका लिंबातून निघाला.

उन्हाळ्यात घरी सरबत रोज होते. एके दिवशी बहीण लिंबाच्या बिया उकिरड्यावर टाकण्यास निघाली, तेव्हा आजोबांनी तिला थांबविले. त्या बिया त्यांनी धुवून घेतल्या, सावलीत फडक्यावर पसरल्या आणि सांगितले, “ह्या उन्हात वाळवू नकोस, आणि फार दिवस ठेवूही नकोस. लिंबाच्या जातीचे बी वाळले की मरते.”

तीस बिया जमल्या. त्या लावण्यासाठी भांडी हवी होती. ती मुलांनी पळसाच्या पानांची केली. पळसाला पाने तीनच, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे; ह्या तिन्हींतील मधले पान मोठे व गोलसर असते. त्याच्या कडा समोरासमोर दुमडून, कोपऱ्यांत कडूनिंबाच्या बारीक काड्यांनी टाचले की झाला द्रोण. दहा द्रोण तयार झाले. त्यांत मुलांनी माती व वाळलेले शेण मिसळून भरले, प्रत्येकी तीन बिया बोटाच्या पेराइतक्या खोल पेरल्या आणि पेल्यातील पाणी सर्वांना वाटून दिले.

तिसऱ्या दिवशी द्रोण वाळून कडकडले व चार ठिकाणी फाटले. माती पार कोरडी पडली. मे महिन्याच्या झळा आणि पानाचे पातळ भांडे, ह्यांचा मेळ बसण्यासारखा नव्हताच. मुलगा आईकडे आणखी एक पेला पाणी मागावयास निघाला, तोच बहिणीची नजर कोपऱ्यातील तेलकट गाडग्याकडे गेली.

“आबा,” ती म्हणाली, “ह्याच्यातून पाणी पाझरत नाही ना?”

आजोबा क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी गाडगे मागवून घेतले, खिळ्याने त्याच्या बुडाशी एक लहान छिद्र पाडले आणि छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवला. जास्तीचे पाणी निघून जाण्यास वाट हवी, नाहीतर मुळे कुजतात. द्रोणांतील माती बियांसकट अलगद त्यात उतरविण्यात आली. जे गाडगे माणसांसाठी पाणी गार करू शकत नव्हते, ते बियांसाठी पाणी राखू लागले. पेलाभर पाण्यात आता संपूर्ण दिवस निघे. तांदूळ धुतलेले पाणीही आई मुकाट्याने त्यांच्या हाती देऊ लागली, हे विशेष.

अठरा दिवस काहीही झाले नाही. मुलगा रोज माती उकरून पाहू लागला, म्हणून आजोबांनी त्याला रागे भरले. एकोणिसाव्या दिवशी सकाळी पहिला कोंब दिसला आणि आठवड्याभरात कोंबांची गर्दी झाली. मुलाने ते मोजले व तो गोंधळला. त्याने पुन्हा मोजले. बिया पेरल्या होत्या तीस आणि कोंब होते चौतीस!

“कुणीतरी आणखी बिया टाकल्या,” असे म्हणून त्याने बहिणीकडे पाहिले. बहिणीने मात्र एक कोंब मातीसकट हळूच उचलला. एकाच बीच्या टरफलातून दोन कोंब निघालेले होते. दुसऱ्या एका बीतून तर तीन!

आजोबा हसले. जे ते जन्मभर पाहत आले होते, ते नातवंडांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. आंबा, हरभरा किंवा तूर ह्यांचे नेहमीचे उदाहरण घेतले तर एका बीतून एक रोप, असा आपला समज असतो. लिंबाच्या कुळात पुष्कळदा तसे होत नाही. ह्या बीमध्ये एकाहून अधिक गर्भ असतात. त्यांतील एक परागीकरणातून झालेला असतो. बाकीचे मातृवृक्षाच्या पेशींपासूनच तयार होतात, आणि म्हणून त्यांची रोपे गुणांनी हुबेहूब आईसारखी निघतात. कागदी लिंबाची झाडे बहुधा बियांपासून लावतात, ती ह्याच भरवशावर. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांचा आधारही हाच गुण आहे. संत्र्याचे कलम करताना खालचे मूळ असते जंबेरीचे किंवा रंगपूर लिंबाचे. त्या बियांची रोपे बहुतेक एकसारखी उगवतात. जी खुरटी वा निराळी दिसतात ती उपटून टाकतात. मग उरलेल्या सारख्या रोपांवर, जमिनीपासून वीतभर उंच, संत्र्याचा डोळा बांधतात. डोळा इतका उंच बांधण्याचे कारण असे की, ओल्या मातीचा स्पर्श जोडाला झाला तर खोडातून डिंक गळणारा रोग जडण्याचे भय असते.

त्या दिवसापासून आजोबांनी नातीला पट्टी गुंडाळण्याचा सराव देण्यास प्रारंभ केला. कलमाचे रोप नव्हते. पण कडूनिंबाच्या हिरव्या डहाळीवर ती रोज दहा वेळा पट्टी गुंडाळी. आजोबा डोळे मिटून बोटांनी चाचपून पाहत आणि कोठे सैल राहिली ते नेमके सांगत.

दुसरा मोठा उद्योग धाब्यावर चालला होता, आणि त्याला पाणी मुळीच लागत नव्हते. एक मीटर लांबीची सरळ काठी मातीने भरलेल्या डब्यात उभी रोवली होती. दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करून ती सर्व बाजूंनी सरळ उभी असल्याची खात्री करून घेतली होती. अशा काठीला प्राचीन ग्रंथांत शंकू म्हटले आहे. शंकूच्या सावलीवरून दिशा ठरविण्याची रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात दिली आहे. शंकूभोवती वर्तुळ काढावे; सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करील तेथे एक खूण व दुपारनंतर पुन्हा स्पर्श करील तेथे दुसरी खूण करावी. ह्या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. ही रेषा मुलांनी धाब्यावर गेरूने आखली.

दुपारची सावली सर्वांत आखूड नेमकी बारा वाजता होईल, अशी त्यांची कल्पना होती. पण दर दोन मिनिटांनी खुणा केल्या, तेव्हा ती सर्वांत आखूड झाली बारा वाजून चौदा मिनिटांच्या सुमारास. घड्याळ चुकले, असे मुलाला वाटले. घड्याळ बरोबर होते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून, म्हणजे उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरून ठरविली आहे. शेंदूरजनाघाट तिच्या पश्चिमेस चार अंशांहून किंचित अधिक अंतरावर आहे. सूर्याला एक अंश ओलांडण्यास चार मिनिटे लागतात; म्हणून येथील मध्यान्ह उशिरा येते.

मध्यान्हीची ही सावली दिवसेंदिवस आखूड होत होती. १ मे रोजी ती सुमारे ११ सेंटीमीटर होती, १० मे रोजी सातांच्या आत आली, २० मे रोजी तिनांच्या आत. ह्या हिशेबाने एके दिवशी ती उरणारच नव्हती! कर्कवृत्त आणि मकरवृत्त ह्यांच्या मधल्या प्रदेशात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली लपते. तो दिवस पुण्यास १४ मेच्या व नागपुरास २६ मेच्या सुमारास येतो. शेंदूरजनाघाटास २८ मेच्या सुमारास. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे, त्यामुळे तेथील मुलांच्या वाट्याला हा दिवस कधीच येत नाही. दुसरा दिवस येतो जुलैच्या मध्यास. पण तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते. म्हणजे मे महिन्यातील संधी हुकली तर बहुधा वर्षभर थांबणे आले.

२६ तारखेला वळवाचे ढग आले. २७ तारखेलाही आले. पाऊस पडला नाहीच, पण मध्यान्हीच्या वेळी सूर्य झाकून गेला. गावातील सगळी माणसे ढगांकडे आशेने पाहत होती. त्यांनी निघून जावे असे वाटणारी फक्त दोन मुले त्या गावात होती, आणि तसे मोठ्याने म्हणण्याची त्यांना सोय नव्हती.

२८ तारखेला सकाळपासून आकाश पांढरे होते. बारा वाजता मुले डोक्याला ओले पंचे बांधून धाब्यावर गेली. सूर्याकडे पाहावयाचे नाही, नजर खालीच ठेवावयाची, असे आईने बजाविले होते. बहिणीने त्या दिवसाचा पाण्याचा पेला बरोबर नेला आणि काठीशेजारी ठेवला. बारा वाजून पाच मिनिटांनी ढग आला. दहा मिनिटांनी तो विरळ झाला. आणि मग, दोघांच्या डोळ्यांदेखत, पेल्याची सावली आत आत सरकत नाहीशी झाली. काठी उभी होती, पण तिला सावली नव्हती. मुलाने आपल्या पायांकडे पाहिले. त्याचीही सावली पायांखाली गोळा झाली होती. मिनिट-दोन मिनिटे गेली, आणि पेल्याच्या पूर्वेस केसाएवढी काळी रेघ उमटली.

साडेबाराला कोल्हापुराहून मामेबहिणीचा फोन आला. तिनेही एक मीटरची काठी उभी केली होती. तिच्याकडे मध्यान्ह साडेबाराला झाली आणि तिच्या काठीची सावली जेमतेम ८ सेंटीमीटर होती, तीही उत्तरेस नव्हे, दक्षिणेस! कारण सूर्य कोल्हापूर ओलांडून उत्तरेकडे गेला होता.

बावीसशे वर्षांपूर्वी मिसर देशात एराटोस्थेनीस नावाच्या विद्वानाने अशाच दोन ठिकाणांच्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर मोजला होता. सायीनी गावी सूर्य डोक्यावर होता, तेव्हा अलेक्झांड्रियात सावलीचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला; म्हणून दोन गावांमधील अंतराला त्याने पन्नासांनी गुणले. मुलांनी संध्याकाळी तेच केले. कागदावर काठी व सावली प्रमाणात काढून कोनमापकाने कोन मोजला, तो साडेचार अंश आला. नकाशावर दोन्ही गावांमधले दक्षिणोत्तर अंतर सुमारे ५३० किलोमीटर निघाले. गुणाकार-भागाकार होऊन उत्तर आले ४२,४०० किलोमीटर. खरा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. “दोन हजारांहून अधिक चुकले,” मुलगा हिरमुसला होऊन म्हणाला. बहिणीने पुन्हा कोनमापक लावला. अर्ध्या अंशाच्याही आतल्या चुकीने एवढा फरक पडत होता.

दिवेलागणीला दोघे आजोबांजवळ आली. पेल्यातील पाणी धाब्यावर चहासारखे तापले होते. ते ओसरीत निवत ठेवले होते. आता ते गार झाले. आजोबांनी गाडग्यावर वाकून बोटांनी एकेक कोंब चाचपला, तीन वाळलेले कोंब खुडले, आणि हात बाजूला घेतला. मुलाने पेला तिरपा केला व पाणी काठाकाठाने हळूहळू सोडले.